टीव्हीवरचं 'तुमच्यासाठी' नक्की कुणासाठी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलमध्ये एकच स्मार्ट टीव्ही. आण्णांना कुस्ती आणि क्रिकेट, स्वतःला रात्रीचा युरोपातला फुटबॉल, शाळकरी मुलीला बॅडमिंटन. तीन ॲपचे पैसे भरलेत, तरी 'तुमच्यासाठी' या रांगेत जिकडेतिकडे क्रिकेट, आणि हवा तो सामना दिसतो तो संपल्यावर. रात्रीच्या सामन्याला फोनवर गजर लावूनही कधीकधी वेळ चुकते. हे ॲप ठरवतं कसं, त्याला वळण लावता येतं का, आणि या सगळ्यात घरातली किती माहिती बाहेर जाते?

गेली चौदा वर्षं मी व्हिडिओ ॲपमध्ये कुणाला काय सुचवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणांवर काम करतोय. आधी पुण्यात, आता कोल्हापुरातूनच. त्यातली सहा वर्षं फक्त खेळांवर गेली. त्यामुळे हा प्रश्न वाचला आणि सविस्तर लिहायचं ठरवलं.

सगळ्यात मोठं कारण आधी सांगतो. ॲप तुम्हाला ओळखत नाही, ते तुमच्या टीव्हीला ओळखतं. फोन एका माणसाचा असतो, रिमोट मात्र दिवसभर घरभर फिरतो. सकाळी आण्णा, दुपारी शाळेतून आल्यावर मुलगी, रात्री साडेबाराला आवाज बारीक करून तुम्ही. ॲपच्या वहीत हे सगळं एकाच खात्यावर चढतं. त्या वहीतून जो माणूस उभा राहतो तो तुमच्या घरात राहतच नाही. त्याला सकाळी क्रिकेट लागतं, दुपारी बॅडमिंटन आणि मध्यरात्री चॅम्पियन्स लीगचा फुटबॉल. अशा माणसाला काय दाखवायचं हे यंत्राला कळत नाही, मग ते सोपी वाट धरतं: ज्याची मिनिटं सगळ्यात जास्त, ते वर.

आणि मिनिटांच्या हिशोबात क्रिकेटला कोण हरवणार? कसोटीचा एक दिवस म्हणजे नव्वद षटकं, मधल्या सुट्ट्या धरून सात तासांच्या घरात. ट्वेंटी-ट्वेंटी साडेतीन-चार तास. फुटबॉलचा सामना दोन तासांत आटोपतो, बॅडमिंटनचा बहुतेक वेळा तासाभरात. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद विश्रांती. आण्णांनी ती सहाही मिनिटं जागेवरून न हलता पाहिली आणि चितपट झाल्यावर मांडीवर थाप मारली, तरी वहीत सहाच मिनिटं. त्याच दिवशी कुणीतरी लावून ठेवलेला, फारसा न बघितलेला क्रिकेटचा सामना दोनशे मिनिटं जमा करून जातो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे चालू असलेलं प्रत्येक मिनिट आम्ही आवड म्हणून मोजत होतो. त्यानंतरचे दोन आठवडे कबड्डी बघणाऱ्या घरांनाही कसोटीचे हायलाइट्स सुचवले जात होते. तक्रारी वाढल्या तेव्हा आम्ही दहा-बारा घरांच्या नोंदी, नावं झाकून, मिनिटामिनिटाने उघडून बसलो. एक नोंद अजून आठवते. पाच वाजून दोन मिनिटांनी टीव्ही सुरू. पहिल्या सात मिनिटांत आवाज दोनदा वाढवला. मग साडेपाच तास रिमोटचं एकही बटण दाबलेलं नाही. पावणेअकराला टीव्ही बंद. त्या घरात कुणीतरी उठून टीव्ही लावला होता, मग आंघोळ, देवपूजा, नाश्ता, बाकीची कामं. टीव्ही आपला सोबतीला चालू. आम्ही त्याला कसोटीचा निस्सीम चाहता ठरवून मोकळे झालो होतो.

त्यानंतर आम्ही नुसती मिनिटं मोजणं सोडलं. सामन्याचा किती भाग पाहिला, स्वतः शोधून उघडला की आपोआप सुरू झाला, मध्यंतरानंतर माणूस परत आला का, आणि शेवटचा टप्पा पाहिला का, या गोष्टींना वजन दिलं. यातली 'स्वतः शोधून उघडला' ही खूण सगळ्यात पक्की. ती लक्षात ठेवा, पुढे उपाय सांगताना लागेल.

दुसरं कारण खेळाच्या स्वभावातच आहे. सुचवण्याच्या या पद्धती बऱ्याच अंशी सिनेमांवर घडल्या. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धा लावली होती: आमच्या यंत्रणेचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारा आणि दहा लाख डॉलर घ्या. बक्षीस २००९ मध्ये दिलं गेलं. त्या काळात गाजलेल्या पद्धतीचं मर्म साधं आहे. तुमच्यासारखी निवड असलेल्या हजारो लोकांना जे आवडलं ते तुम्हालाही आवडेल. सिनेमाला हे लागू पडतं, कारण सिनेमा वाट बघतो. आज दहा हजार जणांनी पाहिला, उद्या तुम्हाला सुचवला, काही बिघडत नाही.

सामन्याचं तसं नाही. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात, त्या धारोष्ण दुधाची गोडी त्या घटकेपुरती. तेच दूध दुपारी प्यायलं तर दूध असतं, पण ते नव्हे. सामना सुरू होण्याआधी तो कुणीच पाहिलेला नसतो, म्हणजे 'तुमच्यासारख्यांना आवडला' हे सांगायला पुरावाच नाही. पुरेसा पुरावा गोळा होईतो सामना संपत आलेला असतो. तुम्हाला हवा तो सामना संपल्यावर दिसतो, तो यामुळे.

म्हणून खेळांची यंत्रणा सामन्याकडे न बघता त्याच्या नातेवाइकांकडे बघते: संघ, स्पर्धा, खेळाडू, समालोचनाची भाषा, आठवड्याचा वार, दिवसाची वेळ. आर्सेनलचे मागचे चार सामने बघितलेत तर पाचवा सुरू व्हायच्या आधीच वर आला पाहिजे. भाषेची खूणही मोठी. आयपीएलचं मराठी समालोचन ॲपवर मिळू लागलं, आणि एखाद्या घराने मराठी निवडलं की त्या घराबद्दल बरंच काही एका फटक्यात कळतं. मात्र गाव कळतंच असं नाही. आपल्याकडच्या इंटरनेट जोडण्यांचा पत्ता बऱ्याचदा मुंबई किंवा पुण्याचा दिसतो, त्यामुळे कोल्हापुरातला टीव्ही ॲपच्या दृष्टीने अंधेरीतलाही असू शकतो.

यंत्र कुठे थांबतं हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते १ ऑगस्ट २०२४ ला. पॅरिसला स्वप्नील कुसाळेची ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी, आपल्याकडे दुपारी एकची वेळ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. आमच्या घरात त्याआधी नेमबाजीचा एक क्षणही पाहिला गेला नव्हता, त्यामुळे कुठल्याही यंत्राने ती फेरी आमच्यासाठी निवडावी असं वहीत काहीच नव्हतं. फोन आला तो मावशीचा: "टीव्ही लाव, आपला स्वप्नील खेळायलाय." गुडघ्यावर बसून, मग आडवं पडून, मग उभं राहून. उभ्याने एकेक जण बाद होत गेला आणि ४५१.४ गुणांवर ब्राँझ पक्कं झालं तेव्हा घरात कुणी बसलेलं नव्हतं. 'आपला' हा शब्द यंत्राला शिकवता येतो, पण त्यासाठी कुणीतरी माणसाने खेळाडूच्या नावापुढे जिल्हा लिहून ठेवावा लागतो. मी जिथे जिथे काम केलं तिथे हा आग्रह धरला. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत, जलतरणपटू वीरधवल खाडे, फुटबॉलपटू अनिकेत जाधव, एवढी नावं एका शहराशी जोडलेली असताना ही माहिती भरायला एक दुपार पुरते.

आता कुस्ती. हे दुखणं वेगळंच आहे, आणि मला ते जास्त टोचतं.

आमचे तात्या कसबा बावड्यात राहतात. तरुणपणी गंगावेश तालमीत मेहनत केलेला माणूस, खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्त्या डाव सांगून उभ्या करतात. त्यांनी टीव्हीच्या रिमोटवर बोलून 'कुस्ती' मागितली. समोर आलं डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे अमेरिकेतला आधीच निकाल ठरवलेल्या कुस्तीचा करमणुकीचा कार्यक्रम. त्यांनी एक उघडून पाहिलं, अर्ध्या मिनिटात बंद केलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत पुन्हा तेच, आता आणखी चार. कारण पडद्यामागे दोन्हींवर 'रेसलिंग' हा एकच शिक्का. ज्याने शिक्का मारला त्याला आखाडा आणि तमाशाचा मंच यातला फरक ठाऊक नसेल, किंवा याद्या परदेशातून तयार आल्या असतील. वर तात्यांनी तो कार्यक्रम उघडला ही नोंद झाली, बंद का केला ही झाली नाही. मी त्यांच्या शेजारी बसून फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन, महाराष्ट्र केसरी असे वेगवेगळे शब्द टाकून शोधलं तेव्हा खऱ्या कुस्त्या निघाल्या. ॲपमध्ये होत्या, पण तळाशी. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ आणलं ते ज्या शहरातल्या राजाराम कॉलेजात शिकले होते, त्या शहरातल्या माणसाला टीव्हीवर कुस्ती सापडू नये, हे मला सहन होत नाही.

त्यानंतर एक गोष्ट जी यंत्राची नाहीच. ॲप उघडल्यावर अर्धा पडदा व्यापणारं जे पहिलं मोठं चित्र असतं, ते 'तुमच्यासाठी' निवडलेलं असेलच असं समजू नका. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे भारतीय उपखंडातले डिजिटल हक्क २३,७५८ कोटी रुपयांना गेले. एवढे पैसे मोजल्यावर ती जागा कुणाला द्यायची हे माणसं बैठकीत ठरवतात. एप्रिल-मे मध्ये तुमची आवड काहीही असो, तिथे आयपीएलच असणार. त्यावर वेळ घालवू नका, खालच्या रांगा सुधारायच्या मागे लागा. तसंच एका ॲपकडे दुसऱ्याच्या हक्काचा सामना नसतो, म्हणून ते तो सुचवतही नाही. तीन ॲपचे पैसे भरूनही तीन वेगळी दुकानं उघडून बघावी लागतात. टीव्हीच्या मुख्य पडद्यावरचा एकत्र शोध सिनेमांसाठी बरा चालतो, थेट खेळांसाठी त्याच्यावर विसंबू नका.

शाहू स्टेडियमवरच्या स्थानिक फुटबॉल सामन्यांचं विचारलं नाहीत, पण कोल्हापुरातल्या घराला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) हंगाम सुरू झाला की पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने यूट्यूबवर थेट दिसतात, आणि परगावी नोकरीला असलेली आपली पोरं ते जीव टाकून बघतात. तरी यूट्यूब ते आपणहून सुचवताना कमी दिसतं. मी एकदा वेगवेगळ्या प्रक्षेपणांची शीर्षकं एकाखाली एक लिहून काढली. एकात 'पाटाकडील', एकात 'पीटीएम', एकात 'पी. टी. एम. अ', एकात नुसतं 'आजचा हाय व्होल्टेज सामना'. आपल्याला हा एकच संघ दिसतो, यंत्राला चार अनोळखी माणसं. जे प्रक्षेपण करतात त्यांना कळकळीने सांगणं आहे: प्रत्येक वेळी दोन्ही संघांची पूर्ण नावं त्याच पद्धतीने लिहा, पुढे स्पर्धा आणि तारीख टाका, आणि एका स्पर्धेचे सगळे सामने एका प्लेलिस्टमध्ये ठेवा. बघणाऱ्यांनी सबस्क्राइब करून घंटा दाबावी, कारण यूट्यूबच्या पहिल्या पानावर तो सामना येईल या भरवशावर बसलात तर मध्यंतर झालेलं असेल.

आता तुमच्या घरात काय करायचं ते. पहिलं काम वेगवेगळी प्रोफाइल करणं, आणि ती माणसाच्या नावाने करा. 'फॅमिली' हे प्रोफाइल ठेवूच नका, पुन्हा सगळी सरमिसळ होते. आण्णा उघडताना प्रोफाइल निवडतील का, ही खरी अडचण. तात्यांच्या बाबतीत मी त्यांचं प्रोफाइल पहिल्या जागेवर ठेवलं आणि ओळखायला चित्र बदललं. चार दिवसांत हात बसला.

मग प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये एकदा पंधरा मिनिटं द्या. संघ किंवा खेळाडू 'फॉलो' करायची सोय असेल तर तीन-चारच निवडा, वीस निवडले तर न निवडल्यासारखं होतं. समालोचनाची भाषा ठरवून ठेवा. 'पाहणं सुरू ठेवा' या रांगेतून नको ते काढून टाका, बघितलेल्यांच्या यादीतूनही काढता आलं तर उत्तम. पुढचे दोन-तीन आठवडे हवा तो सामना रांगेतून न उघडता शोधून उघडा. वर म्हटलं ती पक्की खूण तीच. आण्णांसाठी कुस्तीचे आठ-दहा सामने असे शोधून, शेवटपर्यंत पाहिले गेले की रांग बदललेली दिसेल. आपोआप पुढचं सुरू होणं बंद करा, आणि बघून झालं की टीव्ही बंद करा. सोबतीला आवाज हवा असेल तर रेडिओ लावा, वही खराब होत नाही.

माहितीच्या प्रश्नाकडे येतो. ॲपमध्ये काय पाहिलं, किती वेळ, कुठल्या यंत्रावर, कुठल्या जोडणीवरून, काय शोधलं, एवढं ॲपकडे जातंच. त्याशिवाय सुचवणं शक्य नाही, आणि मला त्यात गैर वाटत नाही. गैर वाटतं ते टीव्ही स्वतः करतो ते. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन काय चाललंय हे ओळखायची सोय असते. केबल असो, पेन ड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ असो, नमुना घेतला जाऊ शकतो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १.१ कोटी टीव्हींवरून अशी माहिती न विचारता गोळा केली म्हणून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सुरुवातीला टीव्ही लावताना आपण 'मान्य' दाबत जातो त्यातच ही परवानगी असते. एलजीमध्ये तिला लाइव्ह प्लस म्हणतात, सॅमसंगमध्ये व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ॲपमधल्या सुचवण्यांवर त्याने काही परिणाम होत नाही.

मुलीचं प्रोफाइल मुलांचं म्हणूनच उघडा, वय वाढवून टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे बालकच. त्यांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि त्यांच्या वागण्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. एक तोटा मात्र सांगून ठेवतो: काही ॲपमध्ये मुलांच्या प्रोफाइलवर थेट सामने दिसतच नाहीत. तसं असेल तर बॅडमिंटन तुमच्या प्रोफाइलवर, तुम्ही शेजारी बसून बघा. फुटबॉलच्या रांगेत सिंधूचा सामना दिसला तर बिघडलं कुठे?

राहिला रात्रीच्या सामन्यांचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की फोनवर गजर लावता आणि तरी कधीकधी चुकतं. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, युरोपात वर्षातून दोनदा बदलतं. उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगचा मुख्य सामना आपल्या साडेबाराला असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर तोच दीडला, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत मागे. शनिवारचा इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्या साडेसातचा साडेआठ होतो. म्हणून हाताने गजर न लावता ॲपमधल्या त्या सामन्यापुढचं 'आठवण करा' दाबा, ते वेळापत्रकाशी बांधलेलं असतं. बाकी सगळ्या सूचना, विशेषतः गोलच्या, बंद ठेवा. ॲपवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा वीस-तीस सेकंद किंवा जास्तही मागे असतं आणि फोनवरची सूचना नसते. टीव्हीवर पेनल्टीसाठी चेंडू ठेवला जात असताना सोफ्यावरचा फोन निकाल सांगून टाकतो.